कोळंबीच्या शेडमधली थाई

५ जून, सकाळ
यमिनला कणकण आहे. लेकरांना होतंच. मी घाबरलेली नाही. घाबरट असते तर बर्मा सोडून इथे थायलंडात, महाचायला कोळंबी सोलायला आले असते का? नवरा बोटीवर, समुद्रात. हरकत नाही. मी खंबीर आहे.

संध्याकाळ
आमच्या बर्मातल्या थानाखाच्या झाडाचं खोड उगाळून पोरीला डोक्यापासून पायापर्यंत पिवळा लेप दिला. अंगाला थंडावा मिळतो. शेजारच्या खिनमावशी म्हणाल्या, चो, ऊन लागलेलं नाही तिला, ताप आहे हा. दवाखान्यात ने. म्हटलं, नेईन की, मला थाई येते. म्हणाल्या, मुकादम ओरडतो तेवढीच येते तुला. जळतात माझ्यावर.
गेले नाही. थाईचा काही संबंध नाही. पाय दुखत होते.

६ जून, सकाळ
ताप उतरला असावा. हात लावून नाही बघितलं, पण चेहऱ्यावरून वाटतं. ठरवलं: रोज थाईचं एक वाक्य पाठ करायचं. आजचं उद्या.

संध्याकाळ, दवाखान्याच्या बाकावर
दुपारी यमिन एकदम ताठ झाली. डोळे पांढरे, हातपायांना झटके. मावशी कामावर. मी घाबरले नाही, फक्त फोन दोनदा हातातून पडला. दवाखान्याच्या गाडीचा नंबर लावला आणि येत होती तेवढी सगळी थाई बोलले. लवकर! लवकर! छोटा साइज! गरम झालाय! खराब होतोय! बर्फ पाठवा!
पलीकडच्या बाई म्हणाल्या, ताई, हा बाजाराचा नंबर नाही. म्हणजे मला तसं वाटलं. त्या फोन ठेवणार म्हणून मी किंचाळले, फेकू नका! फेकू नका!
तेवढ्यात यमिननं टाहो फोडला. देव धावून यावा तशी रडली पोरगी. बाईंचा आवाजच बदलला. कुठे, म्हणाल्या. ते मला येतं. बर्फाच्या कारखान्यामागे, निळं गेट.
गाडी आली. मी कामाच्या परवान्याचं कार्ड शोधायला लागले तर गाडीतले दादा म्हणाले, राहू दे, आधी पोर. आणि सगळ्यात आधी पोरीच्या अंगावरचा माझा लेप पुसून काढला.

७ जून
ताप उतरला. या वेळी खरंच, नर्सताईंनी बघितला. त्यांनी हातवारे करून शिकवलं: ओलं फडकं ठेव, झटका आला तर कुशीवर निजव. मावशी भात घेऊन आल्या. आधी मलाच भरवला. तेच जास्त लागलं.

९ जून, सकाळ
आज घरी सोडणार. मावशींकडून थाईत पाठ केलं: तुमच्यामुळे माझी लेक वाचली, तुमचे उपकार विसरणार नाही. इतकं घोकलंय की चुकणं शक्यच नाही.

दुपार
नर्सताईंनी यमिनला माझ्या हातात दिलं. पोरीनं माझं नाक धरलं. घोकलेलं सगळं पळालं. तोंडातून निघालं: ताजी आहे! पहिला नंबर! परत पाठवायची नाही!
अख्खा वॉर्ड हसला. नर्सताई तर डोळे पुसत होत्या. मी रडले नाही. नाक दाबलं होतं पोरीनं, म्हणून पाणी आलं.
न्यायला आलेल्या मावशी म्हणाल्या, काही म्हण चो, आवाज मात्र थेट मुकादमासारखा लागला.