माझ्या पायांनी काढलेला नकाशा

मु. पो. निमवाडी, बजाजनगरच्या पल्याड
शुक्रवार, पहिल्या चहानंतर

तीर्थस्वरूप सूर्यभानमामांना भाचा सोमनाथचा दंडवत. मामींना दंडवत, मेंढरांनाही दंडवत. (मेंढरांना याआधी कधी घातला नव्हता. यंदा माझ्या हातून त्यांचाही अपराध झालाय, तो पुढं येईल.)

मामा, हे पत्र तीन आठवडे टाळलं, हे आधीच कबूल करतो. पहिला आठवडा पेन सापडंना. दुसऱ्या आठवड्यात सापडलं, पण त्याला रिफील आणायला शहागंजात गेलो तो तिथं एकजण कबुतरं विकत होता, त्यात दिवस गेला. तिसरा आठवडा नुसत्या भीतीत गेला. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही आधी शिव्या देता आन् मग ऐकता. पत्राचं बरं असतं, मधी बोलता येत नाय. मामींचा गुडघा कसा आहे? सुभेदार एडक्याचं मोडलेलं शिंग भरलं का? वैजापूरकडं चारा बरा आहे असं आई म्हणत होती. आईची तब्येत ठीक आहे. मला बघितलं की तेवढी बिघडते.

तर मला नोकरी लागली. हसू नका. (क्रांती चौकात हेल्मेट विकायचं काम होतं ती नोकरी नव्हती, तो उन्हाळा होता.) आपल्या गावाच्या कडंला, ओढ्यापासून पाझर तलावापर्यंत, नवी वसाहत होणार आहे. साधीसुधी नाय, लँडस्केपवाली. हा शब्द आला तेव्हा गावात लई खल झाला. मी म्हणालो, लँड म्हणजे जमीन आन् एस्केप म्हणजे पळून जाणं, हे मी मोबाईलच्या गेममधी शिकलोय. म्हणजे जमीन पळून जाणार. दोन दिवस म्हाताऱ्यांनी रानात राखण केली. मग पुण्याहून प्रांजली मॅडम आल्या. नकाशा त्याच काढणार. त्यांनी पारावर बसून समजावलं, की आधी झाडं बघायची, पाणी कुठून वाहतं ते बघायचं, माणसं कुठून चालतात ते बघायचं, आन् उरलेल्या जागेत घरं बसवायची. हॉटेलवाला कडुबा म्हणाला, "मॅडम, आमचं गावबी असंच झालंय. पण त्याला कुणी प्लॅन म्हणलं नाय, अतिक्रमण म्हणले."

मॅडमना गावच्या जुन्या वाटा दाखवणारा माणूस पाहिजे होता. कडुबा म्हणाला, बिनकामाचं लई चालणारं या गावात एकच पोरगं आहे. अशी माझी निवड झाली. गळ्यात कार्ड आहे: 'पायवाट मार्गदर्शक'. आईनं त्याला हळदीकुंकू लावलं. काम इतकंच, की मोबाईलमधी एक ॲप चालू करायचं आन् गाव रोज जिथून चालतं तिथून चालायचं. आपण चालू तशी ॲपमधी निळी रेघ उमटते. ती रेघ म्हणजे वाट. मॅडमचा नियमच आहे, "जिथं पाय, तिथं वाट."

मामा, मी देवाशपथ सांगतो, मी निघालो तो पांदीनंच निघालो. मारुतीच्या देवळापासून खाली, दोन्हीकडं बाभळी, मधून तुमची मेंढरं होळीनंतर तलावावर पाण्याला जातात, तीच आपली पांद. पन्नास पावलं गेलो असंन. तेवढ्यात काकासाहेबांच्या रानातून हुरड्याचा धूर आला. आता धूर आल्यावर पाय कुणाच्या बापाचं ऐकतात? रेघ तिकडं वळली. हुरड्यावर तिळाची चटणी होती, म्हणून बराच वेळ ती तिथंच राहिली. पुढं बोर दिसली, खाली पडलेली बोरं वेचत तिला सात फेरे झाले. (लग्न लागलंय म्हणा.) मग काकासाहेबांचं कुत्रं लागलं मागं, तेव्हा रेघ एकदम सरळ पळाली ती विहिरीपर्यंत. मग सुरेखाच्या बांधावरून तीन वेळा येणं-जाणं झालं. तिथं नेटवर्क चांगलं आहे. शेवटी हुरड्यानं पोटात कळ मारली, तेव्हा ओढ्याच्या कडंला करंजीच्या झाडाच्या आडोशाला अर्धा घंटा बसलो. मोबाईल खिशात चालूच होता.

मॅडमनी रेघ बघितली आन् त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सोमनाथ," म्हणाल्या, "इतकी नैसर्गिक वाट मी कुठंच पाहिली नाही." मी कार्ड सरळ केलं. आजवर मला कुणी नैसर्गिक म्हणलं नव्हतं. आठ दिवसांत नकाशा तयार! बोरीभोवती ध्यान-वर्तुळ. कुत्र्यानं पळवलं तो धावण्याचा ट्रॅक. सुरेखाच्या बांधाला 'तीन पदरी भेट-मार्ग' असं नाव दिलंय, ते तिच्या बापानं अजून वाचलं नाय. आन् करंजीखाली जिथं मी बसलो होतो, तिथं 'निवांत बिंदू', वर दगडी बाक. मॅडम म्हणाल्या, गावकरी जिथं अर्धा घंटा थांबतात, तिथं काहीतरी दिव्य असणारच.

हसून झालं असंल तर आता राग धरा. नकाशात पांद नाय. मी चाललोच नाय तर रेघ कुठून येणार? पांदीवर चौदा ते एकोणीस नंबरची घरं आहेत आन् तलावाच्या अलीकडं भिंत. म्हणजे होळीला तुम्ही दोनशे तोंडं घेऊन याल, आन् पाणी भिंतीच्या पल्याड दिसंल. बोराच्या मोहापायी मी तुमची वाट खाल्ली, मामा. तीन आठवडे घास गोड लागत नाय. (हुरडा सोडून.)

इकडं बाकी सगळं क्षेम आहे. तुमची घोंगडी मी वापरत नाय, फक्त पांघरतो.

तुमचा आज्ञाधारक
सोमनाथ

ता. क. नकाशा सोमवारी ग्रामसभेत कायम होणार. मॅडमना खरं सांगायचं तर कार्ड जाईल, आन् आईनं त्याला कुंकू लावलंय. म्हणून विनंती, की रविवारी सकाळी दहाला सगळी मेंढरं घेऊन पांदीनं तलावावर यावं. मी मॅडमना सहज फिरवत तिथं आणीन. जिथं पाय, तिथं वाट. आन् दोनशे मेंढरांचे आठशे पाय होतात. पत्र सखारामच्या दुधाच्या टेम्पोतून पाठवतोय.

ता. क. दुसरा. रविवारी मला ओळखू नका.

ता. क. तिसरा. मामा, पाकीट चिकटवत होतो तर बाहेर धूळ, घंटा आन् मामींचा आवाज! आईनं परवाच मामींना फोन करून सगळं सांगितलं म्हणे. तुम्ही रातोरात निघालात. आन् मागून हे काय, मॅडम! त्यांची गाडी पांदीत मेंढरांमागं अडकली, तशा त्या खाली उतरून तलावापर्यंत चालत गेल्या आन् परत आल्या. चपला हातात, मोबाईल चालू, ओढणी सुभेदारच्या तोंडात. रेघ सुईसारखी सरळ आलीय. मला म्हणतात, "सोमनाथ, ही वाट तुला कशी दिसली नाही?"

माझ्या हातातलं पाकीट बघून तुम्ही मधीच बोललात, "त्यानं पत्र लिव्हलंय की मला. माझा चष्मा मामीच्या पिशवीत हाय. वाच रे सोम्या, मोठ्यानं!" आन् मॅडम बाजेवर मांडी घालून बसल्यात, त्यांनाबी ऐकायचंय.

तुम्ही हातपाय धुऊन येईपर्यंत एवढंच लिहितो. सगळं वाचणार आहे, हुरडा, बोर, कुत्रं. कार्ड जायचं तर जाऊ दे. फक्त करंजीखालचं गाळणार. मॅडमना त्या बाकावर बसून चहा प्यायची लई हौस आहे.