दिल्लीचे काम संकेश्वरातच मिळण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी साहेब,
बेळगाव.

अर्जदार : मष्णू नागाप्पा कंग्राळकर, वय ६३, राहणार रवळवाडी (हिंडलग्याच्या पुढे). तूर्त मुक्काम संकेश्वर, थोरल्या बहिणीच्या घराचा माळा.

विषय : दिल्ली येथील एशियाडसाठी स्वयंसेवक म्हणून नेमणूक मिळणे, ते जमत नसल्यास नकाराचे गोल शिक्क्याचे पत्र तातडीने मिळणेबाबत.

संदर्भ : १) स्वयंसेवक पाहिजेत अशी रेडिओवरील बातमी.
२) श्री रवळनाथ देवाने दिलेला उजवा कौल, दि. १७ ऑक्टोबर १९८२.

महोदय,

खाली जे लिहिले आहे त्यावर आपण विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. आजवर कोणी ठेवलेला नाही असे मात्र नाही. आमची अख्खी वाडी ठेवून बसली आहे आणि माझे दुखणे तेच आहे.

१. अर्ज मराठीत आहे. आपल्या कचेरीत कन्नड चालते याची मला कल्पना आहे. कन्नड मला बाजारापुरते बोलता येते, भांडणापुरतेही येते. पण जीव घाबरा झाल्यावर लिहिण्याइतके येत नाही. तरी सांभाळून घ्यावे.

२. अनुभवाबाबत. सन १९५१ साली दिल्लीत पहिले एशियाड झाले, त्या वेळी मी तेथे स्वयंसेवक होतो. माझ्याकडे खेळाडूंचे पाय होते. जपानच्या एका पळणाऱ्याच्या पोटरीत गोळा आला, तेव्हा मी संकेश्वरी मिरची उकळून केलेले तेल त्याच्या पायाला चोळले. तो असा सुटला की शेवटची रेघ ओलांडल्यावरही त्याला थांबता येईना. आग्र्याच्या रस्त्यावर जीप पाठवून त्याला परत आणावे लागले. जीपमध्ये पुढच्या सीटवर मी होतो. ही हकीकत रवळवाडीत गेली एकतीस वर्षे सर्वांना तोंडपाठ आहे. मी एखादा शब्द विसरलो तर ऐकणारा सांगतो.

३. यंदा दिल्लीत पुन्हा एशियाड असल्याचे रेडिओवर आले. चहाच्या दुकानात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "दिल्लीला माझ्याशिवाय जमायचं न्हाय, पण देवाची परवानगी पायजे." हे मी सुटका व्हावी म्हणून म्हणालो होतो.

४. आमच्याकडे मोठे काम काढताना रवळनाथाला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरव शामू यांना मी आदल्या दिवशी बाजूला घेऊन विनंती केली होती की उजवी पाकळी जरा घट्ट बसवावी. शामू "व्हय अण्णा" म्हणाले. पण देवाच्या कामात चोरून विनंती करणारा माणूस जाण्यासाठीच उतावीळ असणार आणि बोलताना उजव्या-डाव्यात चुकला असणार, असा त्यांनी विचार केला. त्यांनी घट्ट बसवली डावी. गाऱ्हाणे पुरे होण्याआधी उजवी पाकळी खाली. लोकांनी मला उचलून घेतले. मी खाली सोडा म्हणत होतो, ते विनयाने म्हणतो आहे असे समजले गेले.

५. देवाचा हुकूम आला म्हणजे नेमणूक झाली, साहेबांचा कागद काय मागून येईल, असे आमच्या लोकांचे मत पडले. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वीच माझी रवानगी झाली. दि. २४ रोजी फेटा, हार, नारळ, पुढे हलगी अशी मिरवणूक बेळगाव स्टेशनावर आली. मला मिरजेच्या गाडीत बसवले. महोदय, दिल्लीत मला ओळखणारे कोणी नाही याची मला भीती वाटली. आणि रवळवाडीत सगळे ओळखतात, याची त्याहून जास्त वाटली. हात हलवत हलवत मी डब्याच्या पलीकडच्या दाराने रुळांवर उतरलो. कोणी विचारले असते तर चाके तपासतो आहे असे सांगणार होतो. मालगाडीच्या आडून हलगी लांब जाईपर्यंत थांबलो आणि संकेश्वरची बस धरली. तेव्हापासून बहीण आक्काताई यांच्या माळ्यावर आहे. आज तेरावा दिवस.

६. माळ्यावर गेल्या सालच्या वाळल्या मिरचीची पोती आहेत. शिंक आली की मी फेट्याचे टोक तोंडात कोंबतो. आमच्या वाडीचे लोक या बाजारात येतात. मी दिवसा खाली उतरत नाही. शिडी आक्काने काढून भिंतीला टेकवून ठेवली आहे, ती माझ्याच सांगण्यावरून. रस्त्यावर कुठे हलगी वाजली की माझे पाय आपोआप पोटाशी येतात.

७. परवा वाडीचा भरमू बाजारासाठी आला आणि आमच्या आक्काला भेटायला म्हणून बरोबर माझ्या खाली बसला. दोन तास बसला. फळीच्या फटीतून मला त्याचे टक्कल दिसत होते. तो म्हणाला, "आक्का, मष्णूअण्णाचं पत्र आलं काय गं तुला?" आक्का म्हणाली, "मला कशाला धाडंल? मला वाचाया येतंय व्हय?" भरमू म्हणाला, "आत्ता कुणाच्या तरी पोटऱ्या चोळत बसला असंल बघ." आक्का म्हणाली, "असंल. गुडघं पोटाशी घेऊन कुठंतरी बसलाच असंल." इथपर्यंत मी धीर धरला होता.

पुढे भरमू म्हणाला, "दिवाळीचा पाडवा झाला की आम्ही बावीस जण निघालोय दिल्लीला. अण्णा म्हणालता, दारात निस्तं माझं नाव सांगा, दार उघडतंय. म्हाताऱ्या यशोदाबाईबी येतो म्हणत्यात."

महोदय, मी तसे म्हणालो होतो. हे बावीस लोक बेळगावच्या पलीकडे फार तर मिरजेपर्यंत गेलेले आहेत. ते दिल्लीत थंडीत दारावर उभे राहून माझे नाव सांगणार. पहिल्यांदा हळू सांगतील, मग मोठ्याने. या विचाराने मला अन्न जात नाही.

८. तरी हेही मी सोसले असते. पण जाता जाता भरमू म्हणाला, "मालू आलीया गं बाळंतपणाला. नववा सरत आला. पोस्टमन दिसला की उंबऱ्यात येऊन हुभी ऱ्हातीया. आप्पाला दिल्लीत काय झालं असंल, म्हणती. जेवत न्हाय नीट."

मालुबाई ही माझी एकुलती एक मुलगी. तिला आई नाही. लग्नाला नऊ वर्षे झाली, ही पहिली खेप. नऊ वर्षे सासरी टोमणे ऐकून घेताना उलट बोलायला तिच्याकडे एकच वाक्य होते : "माझा बाप दिल्लीला जाऊन आलेला हाय." ते वाक्य मी तिला दिलेले आहे. आता मी तसाच घरी गेलो तर ते मी तिच्या तोंडातून काढून घेतल्यासारखे होईल, आणि तेही अशा दिवसांत. न जावे तर ती उंबऱ्यात उभी आहे. भरमू गेल्यावर आक्काने शिडी लावली होती. मी दोन पायऱ्या उतरलो आणि परत वर आलो.

९. तरी माझ्या मागण्या अशा आहेत.

मला एशियाडचा स्वयंसेवक म्हणून नेमावे आणि माझे काम संकेश्वर येथे ठेवावे. खेळाडू येथून जाणार नाहीत हे खरे, पण रस्ता मोठा आहे, एखादा चुकून आला तर कोणीतरी असावे.

हे जमत नसल्यास मला नकार द्यावा. नकारात "आपला अनुभव फार असल्याने नव्या लोकांना संधी देत आहोत" एवढी ओळ घालावी. शिक्का गोल असावा. चौकोनी शिक्का आमच्याकडे पंचायतीचा समजतात. पत्र कचेरीच्या शिपायाने सायकलवरून दिवसाढवळ्या वाडीत आणून चहाच्या दुकानासमोर मोठ्याने वाचावे.

हेही जमत नसल्यास निदान त्या बावीस जणांना तरी थांबवावे. दिल्लीत जागा नाही, साथ आहे, थंडी आहे, काहीही सांगावे. मला सुचले असते तर मीच सांगितले असते, पण आयुष्यात पहिल्यांदाच मला काही सुचत नाही. पाडव्याला दिवस थोडे उरले आहेत आणि मालूचे तेवढेही नाहीत.

१०. सन १९५१ च्या कामाचे प्रमाणपत्र जोडता आलेले नाही. ते आग्र्याच्या रस्त्यावर जीपमधून उडाले. पुरावा म्हणून माझा शब्द धरावा.

११. अर्ज पोस्टात टाकायला आक्काताई जाणार आहेत. त्यांना वाचता येत नाही, पण ऐकल्याशिवाय कोणताही कागद त्या घराबाहेर नेत नाहीत. म्हणून मी माळ्याच्या तोंडाशी पालथा पडून हा अर्ज त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवला. त्या खाली मिरच्यांचे देठ मोडत होत्या. जपानी पळणाऱ्याच्या ठिकाणी त्यांचे हात थांबले. मालूच्या ठिकाणी त्यांनी पदराने डोळे पुसले. कलम दहा पुरे झाल्यावर त्यांनी हरकत घेतली आणि ती अर्जात लिहिल्याखेरीज पोस्टात जाणार नाही असे बजावले. ती जशी सांगितली तशी लिहीत आहे.

"शब्द धरा म्हणतोस व्हय रं? एक्कावन सालाला तू ह्याच माळ्यावर महिनाभर व्हतास. जत्रंत तुझी कुस्ती लागलीती, जोडीचा गडी बघितलास आणि रातोरात पळून आलतास. जपानी कुठला आन् जीप कुठली. शिडीवरनं पडलतास तवा तुझ्याच पोटरीला मी मिरचीचं तेल लावलतं, आन् बोंबलत अंगणभर पळालतास. मी कुणाला बोलले न्हाय. भ्यालेल्याला काय बोलायचं म्हणून. पण आता पोरगी उंबऱ्यात हुभी हाय. एकतीस वर्सं झाली मष्णू, तुझी दिल्ली माझ्या माळ्यावरनं हाललेली न्हाय. शिडी लावलीया. उतर."

शिडीच्या वरच्या पायरीवरून,
आपला अर्जदार,

(सही) म. ना. कंग्राळकर
दि. ५ नोव्हेंबर १९८२