दोरा बांधलेला डबा

२ फेब्रुवारी

चि. धाकटे,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तू माझ्या पोराला तुझ्या घराच्या खालच्या दोन खोल्या दिल्यास आणि तिथे तो खानावळ काढतोय, हे मला भाजीवाल्याकडून आधीच कळलं होतं. बहिणीने शेवटी कळवलं, हेही नसे थोडके.

माझ्या खानावळीत, माझ्या चुलीजवळ उभं राहून जो शिकला, त्यानेच भर दुपारी, गिऱ्हाइकं समोर बसलेली असताना, माझ्या पातेल्यात हात घातला. मी मनगट धरलं, बाहेर काढलं आणि म्हटलं, पातेलं ज्याचं त्याने बघायचं. तो ॲप्रन काढून चालता झाला. निदान भांडायचं तरी! ते चिकन पास्त्याचं पातेलं होतं, ज्यासाठी लोक माझ्याकडे येतात. क्रीम, हरिसा म्हणजे त्यांचं ते लाल मिरचीचं वाटण, आणि मिठात मुरवलेलं लिंबू. मला ते कुणी शिकवलेलं नाही. तरुणपणी आफ्रिकेच्या वाळवंटाकडच्या लोकांच्या खानावळीत मी ताटं विसळायचो, आणि ताटाला उरलेलं बोटाने चाखून चाखून घरी जमवलं. सहा प्रकारे बिघडलं, मग बसलं.

सध्या गिऱ्हाईक कमी आहे. लोकांच्या जिभा बिघडल्यात, दुसरं काही नाही. तापानंतरचा थकवा गेला, काळजी करू नकोस. यजमानांच्या पथ्याकडे लक्ष दे.

माया आहेच, ती अशीच असू दे.
दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा राग पोचला, आशीर्वादही शोधून काढले.

येत्या शनिवारी खानावळ उघडतेय. भिंतीला चुना झाला, बाकं आली, काळी पाटीही टांगली. पाटीवर सगळं लिहिलंय, फक्त वरची ओळ कोरी आहे. ती तुझ्या पास्त्याची. पोरगं म्हणतं, बाबांनी बरं म्हटलं तरच लिहीन, नाहीतर ती ओळ कोरी राहील. मी म्हटलं, अरे, तुझ्या बाबांनी लग्नात तुझ्या आईच्या माहेरच्या जेवणालाही बरं म्हटलं नव्हतं. तर हसला, पण ऐकेना.

म्हणून आज सकाळी त्याने केलेला पास्ता बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय. मलई फुटू नये म्हणून मंद आचेवर गरम कर, हे तुला सांगणारी मी कोण? वाटेत सांडू नये म्हणून डब्याला दोरा बांधलाय. चाखून लगेच लिही. एकच शब्द लिहिलास तरी चालेल, पण खरा लिही.

तुझी माया आम्हाला पुरते, कमी करू नकोस.
धाकटी

१० फेब्रुवारी

चि. धाकटे,
अनेक आशीर्वाद.

डबा मिळाला. खरा शब्द हवा म्हणतेस, तर घे.

रंग बरा आहे. बाकी काही नाही. एक, हरिसा करपवलाय. तो तेलात इतकाच परतायचा की तेल सुटावं आणि शहाजिऱ्याचा वास यावा. पुढे गेला की कडू होतो, आणि हा झालाय. दोन, मिठातलं लिंबू धुतलेलं नाही. गर टाकून नुसती साल घ्यायची, हे त्याला लहानपणापासून सांगतोय. त्यामुळे सगळं खारट. तीन, मिरची इतकी की मलईचा पत्ता नाही. पास्ता मात्र बोटाला बरोबर लागला, किंचित कणीदार.

पाटी कोरीच राहू दे. वाईट वाटेल त्याला, वाटू दे. मलाही कुणी गोंजारून शिकवलं नाही.

लोभ ठेव, पण पोराच्या वतीने भांडू नकोस.
दादा

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितेय.

चूक माझी. यांच्या पथ्याच्या डब्याला मी रोज दोरा बांधते, म्हणजे घरात घोळ होत नाही. त्या दिवशी तुझ्याही डब्याला बांधला. दोन सारखे डबे, दोन सारखे दोरे, आणि मी ड्रायव्हरच्या हातात यांचा दिला. दुपारी हे खोकत, डोळे पुसत स्वयंपाकघरात आले, मला विष घालतेस का विचारत. मी धावतपळत पाणी दिलं. तेव्हा कळलं, पण बस कधीच निघून गेली होती.

दादा, तू खाल्लास तो पोराने यांच्यासाठी वेगळा केलेला पथ्याचा पास्ता, त्यात मिरची नव्हती. हरिसा नव्हता, शहाजिरं नव्हतं, लिंबाची साल नव्हती. मिठाचा कणसुद्धा नव्हता. पांढरं बघून हे रुसतात, म्हणून पोराने टोमॅटोने रंगवलं होतं, एवढंच.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. मला वाटलं हसेल. तो पिठाच्या पोत्यावर बसून राहिला. मग म्हणाला, तापानंतर बाबांना चव नाही, वासही नाही, तिखटसुद्धा लागत नाही. त्याला केव्हाचंच माहीत होतं. तू पाठ फिरवलीस की तो तुझ्या पातेल्यातलं चाखायचा, मीठ सारखं करायचा, लिंबू घालायचा. त्या दुपारी तू मनगट धरलंस तेव्हाही तेच चाललं होतं. सगळ्यांसमोर कसं सांगणार होता?

वहिनी असती तर पहिल्याच दिवशी तिने ओळखलं असतं. आम्हाला परकं का केलंस? तू इथे ये. हात तुझा, जीभ त्याची. चालेल की नाही?

रागावलास तरी आमचाच आहेस.
धाकटी

१४ फेब्रुवारी

चि. धाकटे,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी मी येणार नाही. आलो तर तो ताट पुढे ठेवेल आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहील. चांगलं म्हणालो तर खोटं, वाईट म्हणालो तर त्याहून खोटं. जोवर माझ्या शब्दाला वजन होतं तोवर तो मी राखून ठेवला. आता द्यायचा म्हटला तरी नुसतं टरफल आहे.

पाटीवर काय लिहायचं ते त्याचं तो ठरवेल. पातेलं ज्याचं त्याने बघायचं.

ड्रायव्हरबरोबर लिंबांची बरणी पाठवतोय. पुरती मुरलेली आहेत, साल बोटाने दाबली की दबते, तेवढं मला अजून कळतं. मीठ हाताच्या अंदाजाने घातलंय. वापरण्याआधी त्याने चाखून बघावं, कमीजास्त असेल ते सारखं करावं. पूर्वी करायचा तसंच. फार बिघडलं असेल तर टाकून द्यावं. बरणीला दोरा बांधलेला नाही.

कशी झालीत ते मला कळवू नका.

दादा