लाल दोरा, उकळतं पाणी

दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

प्रभूच्या नावात सलाम व अ. उ. आ.

तू पाळक झाल्यापासून तुला पत्र लिहायचं म्हणजे मी आधी हात धुते. हल्ली इथे सगळेच धुतात, मला भेटल्यावर.

त्याचं असं झालं. तुझे भावोजी जाताना मला एच.आय.व्ही. ठेवून गेले, हे मी आमच्या पाळकांना विश्वासात घेऊन सांगितलं. गोळ्या चालू आहेत, तब्येत ठणठणीत आहे, फक्त मन हलकं व्हावं म्हणून प्रार्थना करा, म्हटलं. त्यांनी केली, बुधवारच्या सभेत, सगळ्यांसमोर. नाव मात्र घेतलं नाही हं. जी भगिनी गायकवृंदाचे झगे शिवते, तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसते आणि जिचे पती दोन वर्षांमागे वारले, तिच्या गुप्त दुखण्यासाठी, एवढंच म्हणाले. मीही डोळे मिटून आमेन म्हटलं. डोळे उघडले तेव्हा बाकावर मी एकटीच उरले होते.

आमचे मुख्य पंच खिशात साबणाची वडी घेऊन फिरतात, म्हणून त्यांना मी साबणराव म्हणते. त्यांनी लगेच ठराव आणला, की प्रभुभोजनाला सगळ्यांनी द्राक्षरसाच्या एका प्याल्याला ओठ लावायची जुनी पद्धत बंद. आता काचेच्या छोट्या पेल्या आल्या आहेत. माझ्या पेलीच्या दांडीला लाल दोरा बांधलाय, माझ्या सोयीसाठी म्हणे. शोधायचा त्रास वाचला हे खरं.

तुझ्या बाळीच्या बाप्तिस्म्याला तिला हातात घेऊन मीच उभी राहणार, हे ती जन्मायच्या आधीपासून ठरलंय. सगळं गेलं तरी चालेल, ते मला हवं आहे. झगा शिवायला घेतलाय. तारीख कळव.

सौ.ला आशीर्वाद, बाळीला पापा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

दि. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,

सप्रेम सलाम, वि. वि.

पत्र वाचून गहिवरून आलं. योगायोग बघ, गेल्याच आठवड्यात पाळकांच्या परिषदेत मी याच विषयावर बोललो. प्रभूने कुष्ठरोग्याला आधी हात लावला आणि मग बरं केलं, आधी बरं करून मग हात लावला नाही, हा मुद्दा फार गाजला. छातीवर एड्सग्रस्तांच्या पाठिंब्याची लाल फीत लावली होती. भाषण छापणार आहेत.

दोऱ्याचं मनाला लावून घेऊ नकोस. नम्रतेने घे.

बाप्तिस्म्याचं म्हणशील, तर एवढा प्रवास तुला झेपायचा नाही. माझी काहीच हरकत नाही, पण सासूबाई पडल्या जुन्या वळणाच्या. बाळीला सौ.ची बहीण घेईल. तू घरूनच प्रार्थना कर, अंतराने प्रार्थनेला फरक पडत नाही. झगा मात्र जरूर पाठव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
धाकटा

दि. १५ मार्च

चि. धाकट्यास,

सलाम व अ. उ. आ.

भाषणाबद्दल अभिनंदन. प्रवासाचं म्हणशील, तर दिवसभरात शिलाईमशीनवर मी जेवढे पाय मारते तेवढ्यात तुझ्या घरी जाऊन परत येईन. तुझं पत्र वाचून मी दोन दिवस मशीनला बसले नाही. ते असो.

इथे मोठी मजा झाली. आमच्या पाळकांच्या आई महिनाभर मुक्कामाला आल्या आणि पेल्या धुवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. एका पेलीला मळका दोरा दिसला, तो त्यांनी कापून टाकला. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, कारण गोष्ट गुप्त होती. तिसऱ्या रविवारी साबणरावांच्या ते लक्षात आलं. ताटात वाकून एकेक दांडी बघत होते, आणि चेहरा चुन्यासारखा. त्या दिवशी ताट भरलेलं फिरलं आणि भरलेलंच परतलं. प्यायलो मी आणि ऑर्गनवाले काका. काकांना ऐकू येत नाही.

सोमवारी अख्खी मंडळी तपासणी केंद्रापुढे रांगेत. उपासनेला एवढी हजेरी कधी नसते. तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं, की हे पेलीतून होत नाही. कशाकशातून होतं तेही मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा बरेच जण आपापल्या बुटांकडे बघत होते म्हणे. तरी आलाच आहात तर हात पुढे करा, असं म्हणून त्यांनी सगळ्यांचं रक्त घेतलं.

झगा पाठवते आहे. सासूबाईंना शंका आली तर साध्या पाण्यात धुवायला सांग. उकळू नका, कापड आटेल.

तुझ्या लोभाची अजून आशा धरणारी,
ताई

दि. २४ मार्च

ती. ताईस,

सप्रेम सलाम, वि. वि.

झगा मिळाला. धुऊन ठेवला आहे.

तुमच्याकडच्या तपासणीत कोणाकोणाला निघालं? केवळ प्रार्थनेसाठी विचारतो. नाव कळलं की प्रार्थना नेमकी होते.

गडबडीत आहे, राग नसावा.

धाकटा

दि. २ एप्रिल

चि. धाकट्यास,

सलाम व अ. उ. आ.

साबणरावांनी ठराव मागे घेतला. पेल्या धुवायला फार वेळ जातो, असं कारण दिलं. जुना प्याला कपाटातून बाहेर आला. रविवारी ते माझ्या शेजारी गुडघे टेकून होते. मी प्यायले, पाळक कड पुसायला लागले, तर साबणरावांनी त्यांचा हात धरला आणि तसाच प्याला तोंडाला लावला. मला रडू आवरेना.

नावं विचारतोस. गुरुवारी औषधाच्या खिडकीपुढच्या बाकावर माझ्या शेजारी जे कोणी येतं, त्याला मी सरकून जागा देते, एवढंच सांगीन. आमच्या पाळकांनी माझं नाव घेतलं नव्हतं. मी खरोखरच घेत नाही.

बाप्तिस्म्याच्या दिवशी घरून प्रार्थना करीन. बाळी झग्यात कशी दिसली ते कळव.

तुझी ताई

दि. ६ एप्रिल

ती. ताईस,

सलाम.

झगा आटला. आता तो बाहुलीला होईल.

सासूबाईंनी नाही उकळला. घरातल्या सगळ्या जणी प्रार्थनासभेला गेल्या होत्या, तेव्हा कडी लावून पाणी मीच ठेवलं. अर्धा तास. भाषणाची प्रत शेजारच्या टेबलावर होती. सासूबाई पहिल्या दिवसापासून विचारताहेत, की बाळीची आत्या कधी येणार. ते मी तुला लिहिलं नाही. त्यांचं नाव मी पुढे केलं, भीती माझी होती.

छापायला दिलेलं भाषण परत मागवलं आहे.

नवा झगा शिवायचा तर माप लागेल, आणि माप मला घेता येत नाही. बाप्तिस्मा पुढे ढकलला आहे. तू येईपर्यंत होणार नाही. रागावून ये, पण ये.

तुझ्या मायेला न शोभणारा,
धाकटा

दि. ९ एप्रिल

चि. धाकट्यास,

शनिवारी पोचते. टेप घेऊन येते. माप घ्यायचं तर बाळीला मांडीवर घ्यावं लागेल, आणि मी लवकर खाली ठेवणार नाही, सांगून ठेवते.

तू पाणी उकळून ठेव. चहाला.

ताई