ती मराठीची ट्यूशन नव्हती

बाई, सगळं बदललं ते गेल्या रविवारी दुपारी, बाबांनी वरणाची वाटी बाजूला सरकवली आणि म्हणाले, "एकाला पाठवलं होतं ना त्या बाईकडे? काय झालं ते समोर बसलंय. आता दुसरीला पाठवायचं नाही." समोर बसलेलं ते म्हणजे मी, आणि ती बाई म्हणजे तुम्ही. तोवर घरात माझ्याबद्दल जे काही बोललं जायचं ते मी ऐकून घेत होतो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, एका मुलीपायी सोडलं, आता सायबर कॅफेत बसून लोकांना ईमेल उघडून देतो. सगळं खरं आहे, बोला. पण तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुम्हाला कशाला मध्ये आणायचं? आणि धाकटीच्या विरुद्ध पुरावा म्हणून मला कशाला उभं करायचं? मी ताटावरून उठलो. आई म्हणाली, "अरे, जेवता जेवता उठू नये." बाबा म्हणाले, "उठू दे. अर्ध्यावरून उठायची सवयच आहे त्याला."

धाकटीला तुम्ही पाहिलं नाहीत. ती तुमच्याच शाळेत तिसरीत आहे. घरी तिच्या तोंडाला कुलूप नाही, टीव्हीवरच्या जाहिरातींच्या नकला करते, मला "दादा, तू दाढी केलीस की बटाट्यासारखा दिसतोस" म्हणते. आणि शाळेच्या फाटकातून आत गेली की संपलं. हजेरीला आवाज नाही, नुसता हात वर. तहान लागली तरी पाण्याला जाऊ का म्हणून विचारत नाही, सुकलेल्या ओठांनी घरी येते. वर्गाच्या मॅडमना आधी तो हट्ट वाटला, त्यांनी तिला बाकावर उभं करून पाहिलं. मग त्यांनीच आईला फाटकाशी गाठून सांगितलं, शाळेत नवीन काउन्सेलर आल्या आहेत, आठवड्यातून एकदा मुलीला त्यांच्याजवळ बसू द्या, फक्त आई-वडिलांपैकी एकाने शनिवारी येऊन हो म्हणायला हवं. आज शनिवार आहे. बाबांचं नाही ते नाहीच.

तुम्ही आलात तेव्हा काउन्सेलर म्हणजे काय हे शाळेत तरी कोणाला माहीत होतं? प्यून तुम्हाला 'समझानेवाली मॅडम' म्हणायचा आणि मुलं 'पागलोंवाली'. आम्ही नुकतेच नोएडात आलो होतो. बाबांनी मिनिस्ट्रीतली पक्की नोकरी सोडली, दिल्लीतलं सरोजिनीनगरचं क्वार्टर सोडलं आणि एका प्रायव्हेट कंपनीत लागले. तेव्हा मंडळाच्या गणपतीत जो भेटेल तो विचारायचा, "सरकारी नोकरी कोणी सोडतं का हो?" बाबा ताठ मानेने सांगायचे, "दिवस बदललेत." बाई, हे लक्षात ठेवा. बाबा अर्ध्यावरून उठले तर ती हिंमत आणि मी उठलो तर तो पळपुटेपणा. तर नवीन सेक्टर, जिकडेतिकडे रेतीचे ढीग, अर्धी बांधलेली घरं, संध्याकाळी खेळायला कुत्र्यांशिवाय कोणी नाही. आणि मी शाळेत मारत सुटलेलो. कोणी हसलं की मार, कोणी नुसतं बघितलं तरी मार. शेवटी एकाचा दात पडला आणि प्रिन्सिपलनी आईला बोलावून मला तुमच्याकडे न्यायला सांगितलं.

परत येताना सायकल रिक्षात आई म्हणाली, "कोणाला बोलायचं नाही हं. लोकांना वाटेल ह्याच्या डोक्यात काहीतरी आहे. उद्या दाखल्यावर लिहिलं म्हणजे?" दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन तुमच्या खोलीत आली, तुम्ही मराठीत बोललात, आणि तिला तिथल्या तिथे सुचलं. "तुम्ही आपल्यातल्याच आहात, तर आपण असं सांगू या का, की तुम्ही ह्याला मराठी शिकवता? ह्याच्या आजीची तक्रार असतेच की पोरगं हिंदीच बोलतं." तुम्ही हसलात. ग्वाल्हेरकडचं तुमचं ते लांबवलेलं मराठी मला अजून ऐकू येतं. "सांगा की! पण मग मला खरंच शिकवावं लागणार. मी खोट्या ट्यूशन घेत नाही बिल्कुल."

आणि शिकवलंत. खेळाचं सामान ठेवायची ती खोली, भिंतीला हॉकी स्टिक टेकलेल्या, कोपऱ्यात बंद पडलेला कूलर. तुम्ही खुर्चीत कधी बसला नाहीत, मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसायचात, गुडघे छातीला लागायचे. माती आणायला शाळा तयार नव्हती म्हणून घरून डब्यात कणीक आणायचात, हळद घातलेली. दिल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला, हिंदूरावजवळच्या तुमच्या घरापासून नोएडापर्यंत दोन बस बदलून ती कणीक यायची. मी ती बुक्क्यांनी मारायचो, पिळायचो, भिंतीवर आपटायचो, तुम्ही समोर बसून आपल्या गोळ्याची चिमणी करत असायचात. घरी आई पिवळे हात बघून विचारायची, "हे कसलं मराठी रे?"

एके दिवशी मी म्हटलं, मला इथे गुस्सा येतो. तुम्ही चिमणीची चोच काढता काढता विचारलंत, "सरोजिनीनगरला यायचा?" मी म्हटलं नाही. "संध्याकाळी काय करायचास तिथे?" मी सगळं सांगितलं. मैदान, पिंपळ, समोरच्या ब्लॉकमधली मुलं, आमची टीम. तुम्ही म्हणालात, "तुला इथे करमत नाही." मी विचारलं, "करमत नाही म्हणजे?" मला तो शब्दच माहीत नव्हता, बाई. तुम्ही समजावलंत की जेवण असतं, घर असतं, आई असते, सगळं असतं आणि तरी जीव कुठेच टेकत नाही, ते. मी कणकेत तोंड खुपसून रडलो. तुम्ही गप्प बस म्हणाला नाहीत की डोक्यावरून हात फिरवला नाहीत. तो तास संपेपर्यंत बसून राहिलात आणि शेवटी म्हणालात, "नाकातली कणीक काढ आणि जा."

त्यानंतर मी एकदम शहाणा झालो असं काही नाही. तुम्ही विचारलंत, राग येतो तेव्हा आधी कुठे कळतं? मी म्हटलं, कान गरम होतात. मग ठरलं, कान तापले की मी कान धरायचा, आणि न विचारता बाहेर जाऊन पाणी पिऊन यायचं. वर्गाच्या मॅडम भडकल्या, "ऐसे तो सारे कान पकड़ के घूमेंगे!" तुम्ही त्यांच्याशी भांडलात, मी दाराबाहेरून ऐकलं. पहिल्यांदा मी वर्गात कान धरला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "देख, माफी माँग रहा है!" सगळा वर्ग हसला. मी तरी गेलो. पाणी प्यायलो. परत आलो तर त्या हसणाऱ्याचं नाक जागेवर होतं, हे त्याला माझ्यामुळे नाही, तुमच्यामुळे लाभलं.

आणि तुम्ही मला नुसतं कुरवाळलंत असं बाबांना वाटतं! दात पडला त्या मुलाबद्दल मी म्हटलं होतं, मला राग आला होता, मी काय करू? तुम्ही ताडकन म्हणालात, "राग आला, येऊ दे. हात कोणाचा होता? दात कोणाचा गेला?" सॉरी म्हण असं सगळे सांगत होते, तुम्ही म्हणालात, त्यालाच विचार त्याला काय हवंय. त्याला माझी खिडकीजवळची जागा हवी होती. वर्ष संपेपर्यंत तो खिडकीत बसला आणि मी त्याच्या डोक्याआडून फळा बघितला. पुढे आम्ही डबा एकत्र खायला लागलो.

मग तुम्ही गेलात. मी पाचवीत होतो. उन्हाळ्यातही डोक्याला रुमाल बांधून यायचात तेव्हा आम्हाला काही कळलं नाही, आणि कळू दिलं कोणी? प्रार्थनेला एक मिनिट उभे राहिलो आणि सांगितलं की मॅडम नहीं रहीं, अब लाइन से क्लास में जाओ. ज्या माणसापाशी मुलं वाट्टेल ते बोलत होती ते माणूस गेल्यावर मुलांशी कोणी बोललं नाही. सुट्टीनंतर तुमच्या खोलीत एसी लागला, कॉम्प्युटर आले, बाहेर बूट काढून आत जायचं. पालक खूश. तुमच्या जागी कोणी आलं नाही, आता इतक्या वर्षांनी आलं.

बाबांना ट्यूशनचं खरं कळलं ते मी कॉलेज सोडलं तेव्हा. भांडणात आईच्या तोंडून निसटलं. "म्हणजे ती मराठीची ट्यूशन नव्हतीच? तरीच!" हा 'तरीच' मी सोडणार नाही, बाई. ती मुलगी कॉलेजात माझ्याच वर्गात होती. कॅन्टीनमध्ये सरळ डोळ्यांत बघून म्हणाली, "देख यार, तू अच्छा है, पर मेरे मन में वैसा कुछ नहीं है." माझे मित्र म्हणाले, पीछे पड़ जा, मान जाएगी. मी नाही पडलो. तिच्याबद्दल वाईट शब्द काढला नाही, कोणाला काढू दिला नाही. कान भट्टीसारखे तापले होते, मी उठलो आणि रिंग रोडच्या कडेने पाय दुखेपर्यंत चालत राहिलो. तिच्या मागच्या बाकावर रोज बसणं मला झेपलं नाही, म्हणून कॉलेज सोडलं. मूर्खपणा असेल. अजून तिच्यासारखी पिवळी ओढणी दिसली की बसमधून वाकून बघतो. पण तो मूर्खपणा माझा आहे, तुमचा नाही. हाडवैद्याने लहानपणी पाय बसवून दिला म्हणून माणूस पुढे कुठे चालत जातो त्याचा जाब कोणी हाडवैद्याला विचारत नाही. पाय चालतोय ना, एवढंच बघतात.

आज सकाळी आई चहा घेऊन माझ्या खोलीत आली, दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "मी काय म्हणते, ह्यांना ड्रॉइंगची ट्यूशन सांगू या का? शनिवारची." मी चहा ठेवून दिला. "आई, जी मुलगी शाळेत तोंड उघडत नाही तिला आपण आणखी एक गोष्ट गप्प ठेवायला देणार? घरात सुद्धा?" तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "मग तू सांग त्यांना." मी गेलो. बाबा पेपर वाचत होते. मी म्हटलं, "आम्ही धाकटीला काउन्सेलरकडे घेऊन जातोय."

"मी नाही म्हटलंय."

"एकाचं हो पुरतं."

बाबांनी पेपरावरून आईकडे बघितलं. मला वाटलं ती आता स्वयंपाकघरात जाईल. ती म्हणाली, "अहो, मी हो म्हणणार आहे. मागे तुमच्यापासून लपवलं ते चुकलं माझं. आज सांगून जातेय." बाबा मला म्हणाले, "आणि हिचंही तुझ्यासारखं झालं तर?" मी म्हटलं, "तर निदान काय झालं ते ती तुम्हाला सांगू शकेल." त्यांनी पेपर परत वर केला. हो म्हणाले नाहीत. उठून अडवलंही नाही.

आई धाकटीच्या वेण्या घालतेय तोवर हे लिहून काढलं. तुम्हाला पाठवायचं तर पत्ता कोणता लिहू? एक कबूल करतो. त्या नव्या मॅडमना मी काल फाटकाशी पाहिलं. तरुण आहेत, खांद्याला मोठी पर्स, फोनवर इंग्रजीत हसत होत्या. मला त्या आवडल्या नाहीत. त्यांनी काही केलं नव्हतं, त्या तुम्ही नव्हत्या एवढंच. हे धाकटीला कळू देणार नाही. तिचा हात धरून तिला त्यांच्यासमोर नेऊन उभी करणार आहे, आणि बाहेर थांबणार आहे.

आई हाक मारतेय. धाकटी जिन्यात उतरलीही, तिची बडबड ऐकू येतेय, शाळेला जायचंय तरी. बाबांच्या समोरून जातो. ते बघत नाहीत, मी थांबत नाही. बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.