दादाचा सहावा क्लब

३ फेब्रुवारी
दादाचा करार या मोसमापुरताच! बुटाची नाडी ओढता ओढता त्याने सांगून टाकले. आई-बाबा गेल्यापासून दादाचा क्लब जिथे, तिथे आमचे बिऱ्हाड. हा सहावा. दादा बास्केटबॉलपटू आहे खरा, पण भिंतीवर ज्यांची चित्रे लावतात त्यांपैकी नव्हे. कुणाचा घोटा मुरगळला की ज्यांना बोलावतात, त्यांपैकी. तो क्लब बदलतो, मी शाळा बदलते. आता मात्र महाविद्यालय आहे, इतिहासाचे दुसरे वर्ष आहे आणि वाचनालयात खिडकीजवळची एक खुर्ची — जवळजवळ माझीच.
"कायम ठेवतील का रे?"
"शनिवारी जिंकलो तर. आत्तापासून तोंड पाडू नकोस."

५ फेब्रुवारी
दादा गुडघ्यावर बर्फ धरून बसला होता. दारातून घरमालकीणबाई — "अहो, एवढे ताडासारखे वाढलात, माझा माळ्यावरचा डबा काढून द्या की!" दादाने टाच न उचलता काढला. "एवढ्यासाठी तरी इथंच राहा हो!" मी मनात म्हटले — तथास्तु!

८ फेब्रुवारी, शनिवार
हरलो. आणि कसे! हसू येते आणि मग हसल्याची लाज वाटते.
समोर दादाचा मागचाच क्लब. त्यात झिपऱ्या, दादाचा तीन वर्षांचा जोडीदार. झिपऱ्याने कोपऱ्यातून डावा हात वर करायचा आणि दादाने मान न वळवता चेंडू द्यायचा, ही त्यांची रीत. शेवटचे मिनिट. आम्ही एका गुणाने पुढे. हुकलेला चेंडू दादाने आमच्याच टोपलीखाली झेलला. कोपऱ्यात सवयीने हात वर झाला — आणि सवयीनेच दादाने दिला की! झिपऱ्या क्षणभर चेंडूकडे बघतच राहिला. मग बिचाऱ्याने टाकला टोपलीत.
प्रशिक्षक गरजले, "अरे, तू खेळतोस कुणाकडून?"
"यंदा तुमच्याकडून, सर."

९ फेब्रुवारी
नाही ठेवत.

१२ फेब्रुवारी
झिपऱ्याचा फोन! त्यांच्या प्रशिक्षकांना तो पास फारच आवडला. "आमच्याच बाजूनं देणार असशील तर परत ये, म्हणतात." दादा घरभर नाचला, दिव्यावर डोके आपटून घेतले. मग माझ्याकडे पाहून थबकला.
"तिथलं वाचनालय आवडायचं ना गं तुला?"
"हं," मी म्हणाले. मी नेहमी 'हं'च म्हणते.

१५ फेब्रुवारी
दादाने खोकी आणली. माझ्या खोक्यात मी काहीच ठेवले नाही.
"काय झालं?"
"दादा, मी येत नाही."
हे मी बोलले! इतक्या मोठ्याने, की जिन्यात घरमालकीणबाई थांबल्या. "राहू द्या हो तिला, माझं लक्ष आहे!"
दादा मटकन खोक्यावर बसला, खोके चेपले. "एवढा आवाज होता तुझ्यात? मग सामन्याला मूग गिळून का बसायचीस?" असे म्हणाला आणि किती तरी वेळ नाक पुसत राहिला.

१७ फेब्रुवारी
गाडी हलली. पहिल्यांदाच मी फलाटावर होते.