गाईच्या घशातला हात

बाबा, आज सकाळपासून तुझा राग येतोय. सूक्ष्मदर्शकाखाली रेबीजने मेलेल्या एका गाईच्या मेंदूचा काप आहे. माझं कामच हे, विषाणू मेंदूत शिरला की तिथल्या पेशी काय करतात ते पाहायचं. तुला वाटेल, आत सगळं फाटलेलं दिसत असेल. तसं नाही. मज्जापेशी बऱ्याचशा शाबूत आहेत, आत फक्त बारीक ठिपके. शेजारी पहारा देणाऱ्या पेशी असतात. परकं काही आलं की त्या फुगतात, धावून जातात. इथे त्यातल्या थोड्याच जाग्या झाल्यात. काप नक्की रेबीजचाच ना, म्हणून नोंद तीनदा तपासली, तरी चौथ्यांदा बघतेय.

सोनिवलीच्या गोठ्यात आपली गाय दोन दिवस लाळ गाळत होती. पाणी समोर, पण गिळता येत नव्हतं. "घशान कायतरी अडाकलंय," म्हणालास आणि चारा कापून चिरलेल्या बोटांचा हात कोपरापर्यंत आत घातलास. काही लागलं नाही. मग मला म्हणालास, "तुजा हात बारीक हाय, तू बघ." मी दहा वर्षांची. ज्याने गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने मला अक्षरं शिकवली, खोटं बोलले तर जेवू दिलं नाही, त्याचं ऐकणार नाही तर कुणाचं? हात घातला, गाईच्या दातांनी मनगट खरचटलं. तिसऱ्या दिवशी गाय मेली. गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं, तोंडात हात घातलेल्या सगळ्यांनी आजच इंजेक्शनं सुरू करा.

तू फक्त मला नेलंस. उल्हासनगरच्या दवाखान्यापर्यंत मोटारसायकलवर पढवत होतास, "कुत्रा चावला सांग. गाईचा नाव काढू नको, नायतं कॅम्प चारची गिऱ्हाइकं उद्यापासून आपला दूध घेनार नाय." मी विचारलं, "आणि तू?" "मना काय होतंय! मी इथं सुया टोचीत बसलो तं म्हशी कोन पिळनार, तुजी मास्तरीन?" वर हसलास. दोन महिन्यांनी पाण्याचा पेला बघून किंचाळलास. त्या दोन महिन्यांत विषाणू तुझ्या हाताच्या नसांमधून मेंदूकडे सरकत होता आणि त्याच हाताने तू दूध मापत होतास. सुरुवातीला वेळ होता, बाबा. भरपूर होता. हे सगळं शिकल्यावर राग निवेल असं वाटलं होतं. वाढलाच.

आईला मी सांगितलंय, तू दम दिला होतास म्हणून दवाखान्यात गप्प बसले. ते खरं नाही. तू बाहेर औषधाच्या रांगेत होतास तेव्हा डॉक्टरबाईंनी मला एकटीला विचारलं होतं, "पापा के हाथ पे भी कटा है, बेटा. उनको भी कुत्ते ने काटा क्या? सच बोल." माझा दंड ठणकत होता. खरं सांगितलं तर सगळं पुन्हा विचारतील, पुन्हा सुई टोचतील, असं वाटलं. मला घरी जायचं होतं. "नहीं," म्हणाले. हे पान मी आईलाही दाखवणार नाही.